धान मोजायचा प्रोग्रॅम

कोणाला काही विचारायचं म्हटलं की माझे कान तापतात. आता एवढं वय झालं, तरी औषधाच्या दुकानात गोळी जेवणाआधी की नंतर हे विचारायच्या आधी मी दोनदा पदर सारखा करते. आणि विचारलंच, तर असं विचारते की जणू मला माहीतच आहे, फक्त दुकानदाराची परीक्षा घेते आहे. हा स्वभाव वाईट. त्यानं मला एकदा चारचौघांत असं तोंडघशी पाडलं, की चंद्रपूरच्या त्या रस्त्यावरून रिक्षा गेली तरी मी मान दुसरीकडे वळवते.

मी शिकले सातवीपर्यंत. यजमान जंगल खात्यात कारकून. आलापल्लीला असताना तिथल्या कचेरीतला एक टाइपरायटर मोडीत निघाला, तो त्यांनी घरी आणला. पोरं शाळेत गेली की मी त्यावर बसायची. कोणत्या बोटानं कोणतं अक्षर, याचं एक चित्र भिंतीला चिकटवलं आणि एकटीच शिकले. कोणाला विचारलं नाही. याचा मला इतका गर्व, की पुढं मूल या गावाला बदली झाली आणि समोरच्या खोलीत मी टायपिंगची इन्स्टिट्यूट काढली, तेव्हा पहिल्या दिवशी पोरींना हेच सांगितलं, ‘मले कोणी नाई शिकवलं.’ दरवर्षी सांगायची. नव्या पोरी आल्या की जुन्या पोरी एकमेकींकडं बघून हसायच्या, आता बाई सुरू होणार म्हणून.

पुढं चंद्रपुरात कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि माझ्याकडच्या पोरी गळायला लागल्या. सकाळच्या वेळी अर्धी मशीनं झाकलेली राहायची. मग मी काय केलं, तर पेंटर बोलावला आणि पाटीवर खाली एक ओळ वाढवून घेतली, ‘येथे कॉम्प्युटर शिकविला जाईल.’ मी तोवर कॉम्प्युटर फोटोतसुद्धा धड पाहिला नव्हता. यजमान ओसरीत उभे राहून बघत होते. म्हणाले, “अहो, आधी गाय घ्या, मंग दुधाची पाटी लावा.”

“तुम्ही गप बसा,” मी म्हटलं. “मी टायपिंग शिकली ना एकटी? हेबी शिकीन.”

पाटी वाचून पोरी खरंच आल्या. त्यांच्या आया आल्या. “बाई, आमची पोरगी चांद्याले नाई जाऊ देत तिचा बाप, इथी शिकवसान तं बरं होईल.” आम्ही जुनी माणसं चंद्रपूरला अजून चांदाच म्हणतो. मी म्हटलं, दिवाळीनंतर. आणि दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या एस.टी.त बसून चांद्याला गेले, कॉम्प्युटरच्या एका वर्गात नाव घातलं. तिथला दाखला मिळाला तरच मला शिकवायची परवानगी मिळणार होती. दाखला नाही, तर पाटीवरची ओळ खोटी, आणि टायपिंगवर इन्स्टिट्यूट फार दिवस चालणार नव्हती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या वर्गात चपला बाहेर काढायच्या. आत थंडगार खोली, काचेचं दार, आणि वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यात मी चव्वेचाळिशीची, नऊवारी नेसत नव्हते एवढंच. यंत्र सुरू केलं की काळा पडदा. चित्र नाही, काही नाही. एक सी, दोन टिंबं, एक तिरपी रेघ, एक बाणाचं टोक, आणि पुढं एक काडी लुकलुकत राहते. त्यापुढं तुम्ही हुकूम टाइप करायचा. बरोबर टाइप केला तर ऐकतं. एक अक्षर चुकलं तर इंग्रजीत सांगतं, हा हुकूम मला कळला नाही. माझा हात टायपिंगचा, पोरांपेक्षा चौपट वेगानं मी चुकीचे हुकूम द्यायची.

आणि तिथं शिकवायला कोण, तर माझीच जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील मूलच्या बाजारात टिनाच्या पेट्या बनवायचे. ही पोरगी आठवीत असताना दुपट्ट्यानं घाम पुसत माझ्याकडं टायपिंग शिकली, पुढं नागपूरला गेली, कॉम्प्युटर शिकून आली. आता सगळी पोरं तिला मॅडम म्हणत. पहिल्या दिवशी मला बघून ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. “अरे बाई! तुम्ही? बैठो ना, बैठो.” सगळा वर्ग माझ्याकडं वळून बघायला लागला. मी अशी ओशाळले की विचारू नका. तिनं उभं राहू नये, एवढंच मला वाटत होतं. तिला मॅडम म्हणवेना, आणि नावानं हाक मारावी तर ती तिथली शिक्षिका. म्हणून परीक्षेपर्यंत मी तिला हाकच मारली नाही. तिचं लक्ष जाईपर्यंत नुसती खोकत बसायची.

दाखल्यासाठी शेवटी एक प्रोजेक्ट करायचा होता. म्हणजे आपण स्वतः एक प्रोग्रॅम लिहायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर चालवून दाखवायचा. पोरांनी कॅसेटच्या लायब्ररीचा हिशेब, कॉलेजची हजेरी, असलं काही घेतलं. मी म्हटलं, आपण आपल्या मुलखाचं काही करू. मी धान मोजायचा प्रोग्रॅम घेतला. मापाऱ्यानं धानाचं एक माप, म्हणजे एक कुडव, ओतला की बटण दाबायचं. वीस कुडव झाले की एक खंडी. आणि शेवटी एकूण किती धान झालं ते पडद्यावर यायचं. मूल म्हणजे धानाचा मुलूख. मला वाटलं, राइस मिलवाले उद्या माझ्या दारात येतील.

आता तुम्हाला वाटेल, शेतकऱ्याची पोर, तिला धान मोजणं काय अवघड. तीच तर गोष्ट आहे.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. मी सहा-सात वर्षांची असेन. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली, रास लागली, की मोजायचा दिवस ठरायचा. राशीभोवती राखेची रेघ ओढायचे. बायांनी आणि पोरींनी रेघेच्या आतच काय, खळ्यातही पाय ठेवायचा नाही. आणि मोजणी चालू असताना कोणी बोलायचं नाही, लांबूनही नाही. मी कुंपणाच्या काट्यांतून बघायची. मापारी पहिला कुडव ओतताना ‘एक’ म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा. लाभ, मग दोन, मग तीन. वीस झाले की एक खडा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा लाभ. मी मायला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की लाभ म्हणजे काय. पण मी विचारलं नाही. माझं मीच ठरवून टाकलं, की लाभाचं माप देवाचं. ते आपल्यात धरायचं नाही. खळ्याच्या कोपऱ्यात देवाच्या नावाची एक वेगळी टोपली भरून ठेवलेली असायची, ती मला दिसायची. त्यावरून माझा हिशेब पक्का झाला, आणि तो चाळीस वर्षं तसाच पक्का राहिला.

तर प्रोग्रॅम. तो लिहिताना मला पावलोपावली अडायला व्हायचं. अडलं की मदत मागावी लागे, आणि मदत मागायला माझी जीभ रेटेना. मग मी एक युक्ती काढली. जाताना डब्यात काहीतरी न्यायची, मुरमुऱ्याचे लाडू, करंज्या. वर्ग सुटला की तिच्या टेबलाशी रेंगाळायची. “अम्मी कशी आहे? अब्बांचे गुडघे?” आणि मग हळूच, “माझ्याकडं मूलले एक पोरगी आहे, ती मले विचारून राह्यली होती, की प्रोग्रॅममधी एकाच ओळीवर परत परत जायचं असन तं काय करावं?”

ती लाडू चावत चावत ऐकायची. एकदाही हसली नाही. “अच्छा. मंग त्या मुलीले सांगा बाई, खाली गोटू लिहा अन् पुढं त्या ओळीचा नंबर टाका.” कागदावर काढून द्यायची. पुढच्या आठवड्यात, “त्या मुलीचं जमलं?”

“जमलं. पण आता ते थांबूनच नाई राह्यलं म्हणते. चालूच आहे, चालूच आहे.”

“थांबायची अट नाही टाकली असेल तिनं. भोळी आहे वाटते बेचारी.”

“थोडी आहे,” मी म्हणायची.

असा तो प्रोग्रॅम उभा राहिला. वीस झाले की खंडी कशी वाढवायची, लाभ हा शब्द पडद्यावर कसा आणायचा, सगळं तिनं सांगितलं. देवाचं माप वजा करायची ओळसुद्धा. तिनं तेव्हा पेन थांबवून विचारलं होतं, “हर खंडीमागं एक वजा? बाई, पक्कं? मला खेतीचं काही माहीत नाही.” मी म्हटलं, “आम्ही शेतकरी माणसं, मले नाई माहीत असणार?” एवढ्या ठसक्यात म्हटलं की तिनं निमूट ओळ लिहून दिली.

परीक्षेच्या दिवशी यजमान स्टँडवर सोडायला आले. मी वीस वर्षांची असल्यासारखे सूचना देत होते. “पाणी पिऊन घ्या. घाबरू नका. नाई आलं तं नाई येत म्हना, कोनी फाशी देत नाई.” मी रागानं खिडकीकडं तोंड केलं.

परीक्षक नागपूरहून आले होते. पँट-शर्ट इस्त्रीचा, बोलणं सगळं इंग्रजीमिश्रित, पोरांना एकामागून एक हातावेगळं करत होते. माझी पाळी आली. मी फ्लॉपी घातली, प्रोग्रॅम उचलला, रन टाइप केलं. पडद्यावर रोमन अक्षरांत उमटलं, लाभ.

ते एकदम पुढं वाकले. “लाभ!” चष्मा वर केला, आणि बोलणंच बदललं. “बाई, तुम्ही कोन्या गावच्या?”

मी गाव सांगितलं.

“अरे, माझा मामा तिथला! लाभ, दोन, तीन... आमच्या खळ्यावर मी स्वतः कुडव धरला आहे.” ते मोठ्यानं हसले, पोरं पण हसली, दारात उभी असलेली माझी ती जुनी विद्यार्थिनीही हसली. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी स्वतः माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि बटण दाबत बसले, लाभ, दोन, तीन, लहान पोरासारखे. वीस झाले. पडद्यावर आलं, एक खंडी. मग त्यांनी शेवटचं एकूण मागितलं आणि आलं, एकोणीस कुडव.

त्यांचं हसू थांबलं. “एक कुठी गेला?”

“तो देवाचा, सर. लाभाचं माप.”

“देवाचा?” त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “बाई, लाभ म्हनजेच एक. एक म्हनाचं नाई म्हनून लाभ म्हनतेत. देवाचं तं मोजून झाल्यावर वेगळं काढतेत, टोपलीत. तुमचा बाप हर खंडीमागं एक कुडव सोडून देत होता का?”

कोणी तरी मागं फिसकन हसलं. त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही, खरंच. मला दिसत होता तो काटेरी कुंपणातून दिसणारा माझा बा, राशीशेजारी उकिडवा बसलेला, आणि मी त्याच्या घरात वाढून, त्याचंच धान खाऊन, त्याचा हिशेब मला येत नव्हता. तेही अशा माणसासमोर, ज्याला येत होता.

परीक्षक भले माणूस होते. म्हणाले, “छोटी चूक आहे. एक ओळ काढायची. काढून दाखवा, पास.”

एक ओळ. तिचा नंबर टाइप करून एंटर दाबलं असतं तरी ती गेली असती. आता मला माहीत आहे. तेव्हा मला प्रोग्रॅम चालवता येत होता, पण त्यातली ओळ काढायची कशी हे ‘त्या मुलीनं’ कधी विचारलंच नव्हतं. दारातून ती एक पाऊल पुढं आली. “सर, मी त्यांना...” परीक्षकांनी हात वर केला. “मॅडम, तुम्ही नाही. बाईंना विचारू. बाई, येते ना तुम्हाला? नसेल येत तर तसं सांगा, मॅडम हिंट देतील, दोन मार्क कमी करू, विषय संपला.”

बघा, किती सोपं करून दिलं होतं त्या माणसानं. फक्त ‘नाही येत’ म्हणायचं होतं. सगळा वर्ग बघत होता, मॅडम दारात ओठ चावत उभी होती, आणि माझे कान असे तापले की डोळ्यांपुढं अक्षरं नाचायला लागली.

“येते,” मी म्हटलं.

मग मी विचार केला, जुनी ओळ काढून तिथं नवी लिहायची, तर हुकूम ‘न्यू’ असणार. न्यू टाइप केलं. एंटर. खाली आलं, ओके. माझा जीव भांड्यात पडला. मागून तिचा आवाज आला, “बाई, हात काढा!” पण मला एकच गोष्ट पाठ होती, घाबरलं की लगेच सेव्ह करायचं. तिनंच शिकवलेली. मी सेव्ह टाइप केलं, पुढं माझ्या प्रोग्रॅमचं नाव, एंटर. ओके.

न्यू म्हणजे समोरचं सगळं पुसून कोरं करणं, हे मला नंतर कळलं. तेव्हा तरी फ्लॉपीवर सगळं शाबूत होतं. ते मी सेव्ह करून माझ्याच हातानं कोऱ्या पाटीखाली गाडलं. परीक्षकांनी लिस्ट टाइप केलं. काही आलं नाही. पुन्हा केलं. नुसतं ओके.

“दुसरी फ्लॉपी आहे का बाई? कॉपी?”

नव्हती. कॉपी कशी करतात, हेही मी विचारलं नव्हतं.

ते हळू म्हणाले, “पुढच्या खेपेला या,” आणि दुसऱ्या पोराला बोलावलं. मी चपला घालायला बाहेर आले तर चपलेचा अंगठाच सापडेना, पाय नुसता भलतीकडं जायचा. ती माझ्या मागं आली. मला वाटलं, धीर देईल. ती म्हणाली, “बाई, तुम्ही ‘येते’ काऊन म्हणल्या?”

“माझी बस जाईल,” मी म्हटलं, आणि निघाले. लाडवाचा डबा तिच्या टेबलावरच राहिला.

घरी यजमानांनी माझं तोंड बघितलं. चहा करून आणला, साखर घालायला विसरले. तो मी तसाच प्याले.

दुसऱ्या दिवशी नाव नोंदवलेल्या पोरींना आणि त्यांच्या आयांना बोलावून घेतलं. मी नापास झाले, मले शिकवता येनार नाई, असं सरळ सांगितलं. सरळ म्हणजे मान खाली घालून, जमिनीकडं बघून. मग एक आई म्हणाली, “बाई, तुमीच नापास? मंग आमच्या पोरीचं कसं होईन?” ती टोमणा मारत नव्हती हो. खरंच विचारत होती, म्हणून जास्त लागलं. एकीनं नाव काढून घेतलं. बाकीच्या बसून राहिल्या. कशाला बसल्या होत्या, देव जाणे.

त्या बसून राहिल्या म्हणूनच मला पुन्हा चांद्याला जावं लागलं. या खेपेला डबा नेला नाही. वर्ग सुटायची वाट बघत जिन्यात उभी राहिले, आणि पोरं पांगल्यावर आत जाऊन म्हटलं, “मॅडम.”

तिनं झटक्यात वर बघितलं. “मॅडम नका म्हणू ना, बाई.”

“मले म्हणू दे. तू रविवारी मूलले येशील का? माझ्याकडं पोरी आहेत. खऱ्या. त्यांना शिकवता येत नाई मले. अन् मलेबी शिकव.”

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल, सांगता येत नाही. ती टेबलावरची फ्लॉपी इकडून तिकडं करत राहिली. मग म्हणाली, “येते. मशीन इथून मागून घेईन, रविवारी वर्ग बंदच असतो. पण एक सांगते. तुम्ही मागं खुर्ची टाकून बसाल ना, बाई बनून, तर मी नाही येणार.”

रविवारी पहिल्या एस.टी.नं ती आली. मशीन एका जीपमधून, गोधडीत गुंडाळून. टाइपरायटर भिंतीला सरकवून आम्ही त्याला जागा केली. पोरींच्या बाकावर मी मधोमध बसले. माझ्याच खोलीत, माझ्याच बाकावर. बाहेर रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस खिडकीतून डोकावतो आहे असं वाटत होतं, आणि खरंच दोघं-तिघं डोकावलेही. यजमान मुद्दाम ओसरीत पेपर वाचत बसले होते.

तिनं काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप केला, काय झालं ते समजावलं. मग विचारलं, “समजलं?” सगळ्या पोरींनी माना डोलावल्या. माझ्या शेजारची पोरगी सर्वांत जोरात डोलावत होती, आणि तिच्या कानाची पाळी लालबुंद झाली होती. मी ती बघितली.

मी हात वर केला. “मले नाई समजलं.”

“काय नाही समजलं, बाई?”

“सुरुवातीपासून काईच नाई.”

ओसरीत पेपर खाली आला. पोरी खुदकन हसल्या, मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. ती मात्र हसली नाही. पडदा पुसून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, आणि मी मान खाली घालून ऐकत राहिले. शेजारची पोरगी बाकावर थोडी पुढं सरकली.